धंद्याला आधार : कोणाकडे काय मागावे?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीत ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांत भाव, वीज, पीकविमा, कर्ज हे विषय असतातच. पण गेली काही वर्षे आणखी एक चिठ्ठी हमखास येते. "आम्हाला गावात डाळ मिल टाकायची आहे, एखाद्या सेवाभावी संस्थेकडून फंड मिळवून द्या." कोणाला ज्वारीचा रवा काढायचा असतो, कोणाला सरकीचे तेल, कोणा बचत गटाला पापड-शेवयांचे यंत्र हवे असते. शेवटचे वाक्य मात्र सगळ्यांचे एकच, "फंड मिळवून द्या." आज या सगळ्या चिठ्ठ्यांना मिळून एक उत्तर देतो.

प्रश्न चुकीचा नाही, हे आधी सांगतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदाच येतो. कापसाचे चुकारे दिवाळीनंतर, तुरीचे संक्रांतीनंतर. पाडव्यापर्यंत उधारी फेडून हात मोकळे होतात आणि मृगाला बी-खतासाठी पुन्हा दुकानदाराच्या ओट्यावर बसावे लागते. मधले सात-आठ महिने घरात माणसे आहेत, कामाची तयारी आहे, पण रोख नाही. अशा घरात महिन्याला चार-पाच हजार रुपये देणारा एखादा जोडधंदा उभा राहिला, तर शाळेची फी आणि दवाखाना निघतो, सावकाराकडची एक फेरी वाचते.

आता दुसरी बाजू. शहरातल्या माणसाचा धंदा बसला तर त्याचे दुकान जाते. आपला धंदा बसला तर वावर जाते. म्हणून फंड कुठून मिळेल हे विचारण्याआधी फंड म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ.

एका शब्दात पाच गोष्टी

आपण ज्याला सरसकट फंड म्हणतो, त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली देणगी. ती परत करायची नसते.

दुसरी अनुदान, म्हणजे सबसिडी. हे सरकार देते. तेही परत करायचे नसते, पण बहुतेक योजनांत ते कर्जाला जोडलेले असते. कर्ज नाही तर अनुदान नाही.

तिसरी कर्ज. ते व्याजासह फेडायचे.

चौथी हमी. तुमचे कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान आम्ही भरू, असे तिसऱ्या कोणीतरी बँकेला सांगणे.

पाचवी मदत. प्रशिक्षण, प्रकल्पाचा अहवाल, हिशेबाच्या वह्या, मालाची तपासणी, गिऱ्हाईक शोधून देणे. यात पैसा तुमच्या हातात येत नाही, पण बाजारात विकत घ्यायला गेलात तर यालाच पैसा लागतो.

चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात पहिली गोष्ट असते. सेवाभावी संस्थेकडे खरोखर असते ती पाचवी, आणि काही ठिकाणी चौथी. म्हणून आपला माणूस संस्थेच्या दारात जातो, देणगी मागतो, रिकाम्या हाताने परत येतो आणि सांगतो, संस्था काही कामाच्या नाहीत. तिथे जे होते ते त्याने मागितलेच नाही.

देणगी धंद्यात का येत नाही?

यामागे कायदा आहे. सार्वजनिक न्यासाला किंवा नोंदणीकृत सोसायटीला करात सवलत मिळते ती सेवेच्या कामासाठी. तिने देणगीचा पैसा उचलून एखाद्याच्या खाजगी नफ्याच्या धंद्यात घातला, तर तिला धर्मादाय आयुक्त आणि आयकर खाते दोघांनाही उत्तर द्यावे लागते.

हल्ली गावोगाव 'सीएसआर'चा बोलबाला आहे. तो काय आहे तेही पाहू. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. उपजीविका वाढवणे हे काम त्या यादीत आहे, म्हणजे आपला विषय बसतो. पण कंपनी हे काम बाहेरच्या कोणाकडून करून घेते तेव्हा पैसा नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीमार्फत जातो आणि त्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणीही करावी लागते. तुमची डाळ मिल किंवा तुमची शेतकरी उत्पादक कंपनी नफ्यासाठी आहे. ती या खिडकीवर स्वतः उभी राहू शकत नाही. एखादी संस्था गावातल्या गटासाठी सामाईक शेड, वाळवणीचा ओटा, माल तपासण्याचे साहित्य, प्रशिक्षण एवढे त्या पैशातून करू शकते. म्हणजे कंपनीच्या दारात जायचे ते संस्थेला बरोबर घेऊन, आणि मागायचे ते गावाचे सामाईक काम.

कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहारही हेच सांगतो. फुकट आलेल्या यंत्राला गावात मालक नसतो. पट्टा तुटला की ते उभे राहते आणि पुढच्या पावसाळ्यात गंजते. ज्या यंत्रात माणसाचे स्वतःचे साठ हजार अडकले आहेत, त्याचा पट्टा त्याच दिवशी बदलला जातो.

माणदेशात काय झाले

सातारा जिल्ह्यातला माण तालुका आपल्यासारखाच, किंबहुना जास्तच दुष्काळी. तिथे म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला लिहिता येत नव्हते, पण व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी तो यंत्राशिवाय करून दाखवावा, असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांना ऐकवल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आपल्याला यातून घ्यायचे ते वेगळेच आहे. तिथे दोन घरे शेजारी-शेजारी आहेत. एक बँक, ती कर्ज देते, व्याज घेते, वसुली करते. दुसरे फाउंडेशन, ते धंदा शिकवते, हिशेब शिकवते, त्याची शाळा बसमध्ये बसवून गावोगाव नेते. शिकवण्याचा खर्च देणगीतून भागतो. शेळीचा, शिलाई यंत्राचा, दुकानाचा पैसा मात्र कर्जाचा, आणि तो परत येतो. या दोन पैशांची भेसळ झाली असती तर बँकही राहिली नसती आणि शाळाही. देणगीच्या पैशाने धंदा शिकता येतो, धंदा चालवता येत नाही. आजच्या भाषणातले हे एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी पुरे.

डाळ मिलचा हिशेब

आता चिठ्ठीतल्या डाळ मिलकडे येऊ. आपल्या कपाशीत तुरीचे तास असतातच. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने बनवलेली मिनी डाळ मिल विदर्भात पुष्कळ ठिकाणी चालते. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. उरलेली चुनी आणि टरफल ढोरांच्या खाद्याला विकले जाते.

हिशेबासाठी आकडे धरू. हे समजुतीचे आकडे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. शेडची दुरुस्ती, यंत्र, मोटर, वीज जोडणी मिळून समजा ६ लाख रुपये. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. म्हणजे तुमचे ६० हजार, बँकेचे कर्ज ५ लाख ४० हजार, त्यात अनुदान २ लाख १० हजार. योजनेची मंजूर मुदत २०२५-२६ पर्यंतची होती. म्हणून अर्जाआधी पुढे मुदतवाढ आहे का, आकडे तेच आहेत का, हे तालुका कृषी कार्यालयात लेखी विचारा.

इथे एक गोष्ट नीट ऐका. हे अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जखात्याच्या नावाने तीन वर्षे बाजूला ठेवले जाते. खाते नियमित राहिले, मिल चालू राहिली, तर तीन वर्षांनी ते कर्जात वळते होते. खाते थकले तर अनुदानावर पाणी. म्हणजे अनुदान हे बक्षीस आहे, भांडवल नव्हे. त्याच्या भरवशावर कोणी मुलीचे लग्न धरू नये.

अनुदान वजा जाता उरले ३ लाख ३० हजार. ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,२०० रुपये, वर्षाचे ८६,४००. आता तुम्ही लोकांची तूर मजुरीने भरडून देता. किलोला ८ रुपये, म्हणजे क्विंटलला ८०० मिळाले. वीज, मजूर, तेल, दुरुस्ती यांत ४०० गेले, उरले ४००. हप्ता काढायला वर्षाला २१६ क्विंटल तूर हवी. घरटी एक क्विंटल तूर डाळीसाठी येईल असे धरले तर २१६ घरे. तुमच्या गावात एवढी घरे तुमच्याकडे येतील का? शेजारच्या गावात आधीच मिल आहे का? आणि या हिशेबात तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. म्हणून तुरीबरोबर हरभरा, मूग, उडीद करावा लागेल, आसपासची चार गावे धरावी लागतील.

हा हिशेब कागदावर करायला अर्धा तास लागतो. तो न करता यंत्र आणले, तर पुढची पाच वर्षे तो रोज रात्री करावा लागतो.

खरी अडचण खेळत्या भांडवलाची

तुम्ही म्हणाल, मजुरीवर कशाला राहू, आपणच तूर विकत घेऊ, डाळ करू, पिशव्या भरून विकू. बरोबर आहे, नफा तिथेच आहे. पण १०० क्विंटल तूर ७,००० रुपयांनी घेतली तरी ७ लाख लागतात. यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त. यंत्राला अनुदान आहे, तुरीच्या पोत्यांना नाही. यंत्र आहे, परवाना आहे, उद्घाटनाची फीतही कापून झाली, पण जानेवारीत तूर घ्यायला पैसा नाही, अशी मिल टिकत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, पहिले वर्ष-दोन वर्षे फक्त मजुरीने भरडाई करायची. तीत भांडवल लागत नाही, यंत्र हाताखाली येते, गिऱ्हाईक कळते.

दुसरा मार्ग तारणाचा. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. शेतकऱ्याने स्वतःची तूर गोदामात ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याज. व्यापाऱ्याच्या मालाला ही सोय नाही, शेतकऱ्याच्याच आहे. गटातल्या वीस जणांनी आपापली तूर अशी ठेवली तर त्यांची निकड भागते, पडत्या भावात माल जात नाही, आणि मिलला लागेल तशी एकेकाची तूर सोडवून घेता येते. सात लाख एकदम उभे करण्याऐवजी पन्नास हजार फिरवून काम होते. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू नसेल, तर ती चालू करायला लावणे हे आपल्या बैठकीचे काम आहे.

कोणत्या दारात काय मिळते

आता एकेक दार सांगतो. लिहून घ्या.

*प्रशिक्षण.* प्रत्येक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. याचा नमुना १९८२ साली कर्नाटकात उजिरे इथे धर्मस्थळाचा न्यास आणि सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांनी मिळून उभा केला. प्रशिक्षण, राहणे, जेवण फुकट. त्याहून मोलाचे म्हणजे प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे आणि बँकेशी गाठ घालून देणे हे या संस्थेचे ठरलेले काम आहे. ते मागून घ्या. प्रमाणपत्र घेऊन घरी बसू नका.

*बायकांचे गट.* महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याची तालुक्या-तालुक्यांत लोकसंचालित साधन केंद्रे आहेत, ती गटांतल्या बायकाच चालवतात. 'उमेद'चे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ आहेत. ज्या गटाची बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांची वही स्वच्छ आहे, त्याच्याबद्दल हे केंद्र बँकेत शब्द टाकते, आणि त्या शब्दाला वजन असते. वर सांगितलेल्या अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद करण्यात आली होती, लहान अवजारे आणि खेळते भांडवल यांसाठी. ते संघामार्फत सभासदाला कर्ज म्हणून मिळते आणि परत करायचे असते. कोणी त्याला वाटप म्हटले तर विश्वास ठेवू नका.

*तरुण मुले.* भारतीय युवा शक्ती ट्रस्ट ही संस्था १९९२ पासून धंदा सुरू करणाऱ्या तरुणामागे एक अनुभवी व्यावसायिक उभा करते. तो मोबदला न घेता महिन्याच्या महिन्याला त्याचा हिशेब पाहतो. बँकेकडून विनातारण कर्ज मिळवायलाही संस्था मदत करते. पुण्यातली देआसरा फाउंडेशनही लहान धंद्यांना सल्ला देण्याचे काम करते. अशा संस्थांचा पैसा तुमच्या खिशात येत नाही, त्यांच्या माणसांचा वेळ येतो. त्याला कमी लेखू नका.

*ज्वारी.* रव्याची, पिठाची चिठ्ठी ज्यांनी दिली त्यांच्यासाठी. ज्वारीच्या पिठात कोंबाचे तेल असते, त्यामुळे ते गव्हाच्या पिठासारखे टिकत नाही, थोड्याच आठवड्यांत कडवट होते. खरिपाची ज्वारी पावसात सापडली तर काळी पडते, तिचे पीठ कोणी घेत नाही. त्यामुळे पाकीट छापण्याआधी टिकवणीचा प्रश्न सुटला पाहिजे. हैदराबादची भारतीय भरडधान्य संशोधन संस्था हेच काम करते. तिचे सोलापूरला रब्बी ज्वारीचे केंद्र आहे, आणि नव्या उद्योगांना यंत्र, पद्धत, तपासणी शिकवणारे 'न्यूट्रिहब' हे स्वतंत्र केंद्र हैदराबादला आहे. दोन जणांचे तिकीट काढून तिथे चार दिवस राहून या. सगळ्यात स्वस्त गुंतवणूक तीच.

*हमी आणि कर्ज.* लहान उद्योगाला १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० साली निघाला. त्यासाठी २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी हमीचा न्यासच स्थापन केला. तरीही शाखेत सातबारा मागितला जातो. तेव्हा वाद घालू नका. नकार लेखी मागा आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे पाठवा. लेखी म्हटल्यावर अर्धे काम तिथेच होते. हा धंदा आहे याचा दाखला म्हणून 'उद्यम' नोंदणी करा. ती फुकट आहे.

कापसाचे काय?

कोणीतरी विचारणारच, आपण कापूसवाले, तर जिनिंग का नाही? एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. १७० किलोची एक गाठ, म्हणजे पाच क्विंटल कापूस. दहा-वीस जणांनी जिनिंग-प्रेसिंग टाकणे म्हणजे कोटींचा खेळ, त्यात पडू नका. सहकारी सूतगिरण्यांच्या बंद पडलेल्या इमारती आपल्या डोळ्यांसमोर आहेत. तिथेही भागभांडवल सरकारने घातलेलेच होते.

पण भाड्याने काम करून घेता येते. पन्नास-शंभर शेतकऱ्यांनी एका जातीचा, कोरडा, कवडीविरहित कापूस एकत्र केला, खाजगी जिनिंगला मजुरी देऊन रुई काढून घेतली आणि गाठी व सरकी वेगवेगळी विकली, तर कापसाऐवजी रुईचा व्यवहार हातात येतो. शंभर गाठींना ५०० क्विंटल कापूस लागतो. यंत्राचा खर्च नाही. लागतो तो एकोपा, वजनाचा चोख हिशेब आणि विकेपर्यंत थांबण्याची ताकद.

हे काम शेतकरी उत्पादक कंपनीला जमते. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन अशी कंपनी दहा शेतकऱ्यांना काढता येऊ लागली. २००४ साली परदेशी देणगीदार संस्थांच्या मदतीने सुरू झालेल्या 'चेतना ऑरगॅनिक' या कोरडवाहू कापूस शेतकऱ्यांच्या कामाची रचना पाहण्यासारखी आहे. विदर्भही त्यात होता. तिथेही दोन घरे केली. शेतकऱ्यांची ना-नफा संघटना शिकवणे आणि प्रमाणीकरण पाहते, उत्पादक कंपनी व्यापार पाहते. देणगी एका घरात, धंदा दुसऱ्या घरात. माणदेशात पाहिले तेच.

केंद्राच्या २०२० सालच्या योजनेत अशा कंपनीला सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांपर्यंत भागभांडवलाच्या बरोबरीचे अनुदान, आणि तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी १८ लाखांपर्यंत मदत ठेवली होती. दहा हजार कंपन्यांचे उद्दिष्ट २०२५ साली पूर्ण झाले. तेव्हा आता उठून नवी कंपनी काढण्याआधी आपल्या तालुक्यात कोणत्या कंपन्या कागदावर आहेत ते शोधा. सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागा. चार संचालकांच्या कपाटात पडलेली कंपनी शंभर सभासदांनी बाहेर काढली, तर नवी काढण्याचा खर्चही वाचतो.

ज्यांच्यापासून सांभाळून राहायचे

फंडाच्या नावाने फिरणारी माणसे आता मोबाईलवरही येतात. "दोन लाख भरा, वीस लाखांचे अनुदान पास करून देतो." "परदेशातला फंड आला आहे, प्रोसेसिंग फी भरा." दोन गोष्टी लक्षात ठेवा. अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज भरायला मदत करणारा माणूस जिल्ह्यात नेमलेला असतो आणि त्याचे मानधन सरकार देते. तुमच्याकडून रुपयाही घेण्याचे कारण नाही. आणि परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, अशी कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आहे. मग ती तुमच्या खाजगी मिलला कुठून मिळणार? जो आधी पैसे मागतो तो फंड देणारा नव्हे, घेणारा आहे.

चांगल्या संस्थेची परीक्षाही सोपी आहे. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवा म्हणा. आणि तीन वर्षांपूर्वी ज्यांना मदत केली अशा पाच जणांची गावे विचारून तिथे जाऊन या. धंदा चालू आहे का, एवढेच पाहायचे. उद्घाटनाचे फोटो पाहू नका.

संस्थेच्या दारात काय घेऊन जायचे

शेवटी, आपण रिकाम्या हाताने जायचे नाही. पाच गोष्टी बरोबर असू द्या.

१. एका वर्षाच्या जमाखर्चाची वही. घरचा असला तरी चालेल, पण रोजच्या रोज लिहिलेला.

२. स्वतःचा दहा टक्के पैसा, बँकेत साठवलेला. सावकाराकडून उचललेला नव्हे.

३. दोन वेगळ्या कारखानदारांची यंत्राची लेखी दरपत्रके, आणि तेच यंत्र निदान दोन वर्षे चालवणाऱ्या माणसाशी झालेले बोलणे.

४. दहा गिऱ्हाइकांची नावे. हॉटेल, वसतिगृह, किराणा दुकान, कोण किती किलो घेईल ते लिहून.

५. मागणीचा कागद. 'फंड द्या' असे नव्हे, तर 'आमच्या गटातल्या तिघींना हिशेब शिकवा', 'प्रकल्प अहवाल तपासून द्या', 'डाळीची तपासणी करून द्या', 'बँकेत आमच्याबरोबर या' असे नेमके.

असा कागद घेऊन जाणाऱ्याला संस्थेचा कार्यकर्ता खुर्ची देतो. त्याच्या वहीतही यशाची नोंद लागते, त्यालाही असाच माणूस हवा असतो.

मायबहिणींना एक जादा सांगणे. कर्ज तुमच्या नावावर आणि यंत्र नवऱ्याच्या ताब्यात, असे पुष्कळ घरांत चालते. योजनेत बाईला सवलत असते म्हणून अर्जावर तुमचे नाव येते. सही करण्याआधी विचारा, बँकेचे पासबुक कोणाच्या हातात राहणार? उत्तर 'माझ्या' असेल तरच सही करा. हप्ता थकला तर नोटीस तुमच्याच नावाने येणार आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने तीन कामे करून यावे. आरसेटीच्या पुढच्या प्रशिक्षणांचे वेळापत्रक आणावे. आपल्या बाजार समितीत तारण योजना चालू आहे का, याचे लेखी उत्तर आणावे. आणि ज्यांना धंदा काढायचा आहे त्यांनी मी वर केला तसा एका पानाचा हिशेब, स्वतःच्या गावच्या आकड्यांनी, करून आणावा. ते हिशेब आपण बैठकीत सर्वांसमोर वाचू. ज्याचा हिशेब चार माणसांच्या प्रश्नांपुढे टिकेल, त्याच्याबरोबर तालुक्याचे दोन कार्यकर्ते बँकेत जातील. ज्याचा टिकणार नाही, त्याचे वावर त्या दिवशी वाचले असे समजावे.

एवढे बोलून थांबतो.